कुत्र्या-मांजरांना ‘पिल्लं होऊ नयेत’ म्हणून इंजेक्शन देताय? आधी हे वाचा

ओवी_र

“ऑपरेशन नको, एखादं इंजेक्शन देता येईल का?” मांजरांच्या नसबंदीच्या कामात असल्यामुळे हा प्रश्न मला सतत ऐकू येतो. विचारणारी माणसं निष्काळजी नसतात. जीव लावलेलं जनावर टेबलावर भूल देऊन आडवं केलेलं डोळ्यांसमोर येतं आणि त्यांचा धीर होत नाही. टोचलं की घरी आणलं, यातच त्यांना जनावराचं भलं दिसतं. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

या इंजेक्शनात बहुतेक वेळा मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन असिटेट असतं. बायकांना दर तीन महिन्यांनी १५० मिलिग्रॅम देतात तेच औषध. खास जनावरांसाठी प्रोलिजेस्टोन नावाचं इंजेक्शन काही देशांत मिळतं, आणि मेजेस्ट्रॉल असिटेटच्या गोळ्याही असतात. तिन्ही एकाच जातीची औषधं, शरीरातल्या प्रोजेस्टेरॉन या हॉर्मोनची नक्कल करणारी (त्यांना प्रोजेस्टिन म्हणतात). मेंदूची समजूत होते की प्रोजेस्टेरॉन भरपूर आहे, मग तो अंडाशयाला पुढचा निरोप धाडत नाही आणि माज येत नाही. इथपर्यंत औषध सांगितलेलं काम चोख करतं.

पण प्रोजेस्टेरॉन गर्भपिशवीवरही काम करतं. अस्तर जाड होतं, त्यातल्या ग्रंथी स्राव सोडू लागतात, पिशवीचे स्नायू सैलावतात, तोंड मिटतं आणि तिथली प्रतिकारशक्ती मंदावते. गर्भ वाढवायचा असेल तर ही सगळी तजवीज योग्यच आहे. गर्भ नसताना महिनोन्महिने पिशवी याच अवस्थेत राहिली, तर अस्तरात पाण्याचे फोड धरतात, स्राव साचतो आणि योनिमार्गातून वर गेलेले जंतू (बहुतेक वेळा ई. कोलाय) त्यात वाढतात. पिशवी पुवाने भरते. हाच पायोमेट्रा.

कुत्रीला हा आजार इंजेक्शनाशिवायही होतो, कारण माजानंतर ती गाभण असो वा नसो, सुमारे दोन महिने तिचं प्रोजेस्टेरॉन चढलेलंच असतं. स्वीडनमध्ये सरसकट नसबंदीची पद्धत नव्हती. तिथल्या विम्याच्या नोंदींवरून दिसलं, की नसबंदी न केलेल्या साधारण पाचांतल्या एका कुत्रीला वयाच्या दहा वर्षांच्या आत पायोमेट्रा होतो. जी पिशवी मुळातच इतकी नाजूक, तिच्यावर आपण आणखी काही महिन्यांचा प्रोजेस्टेरॉनचा भार टाकतो.

माझा सगळ्यात मोठा आक्षेप वेळेबद्दल आहे. हे औषध द्यायचंच झालं तर दोन माजांच्या मधल्या शांत काळात, तपासणी करून द्यायचं असतं. माणसं ते मागतात कधी? कुत्रीला रक्तस्राव सुरू झाला, दाराशी कुत्रे जमले की. त्या वेळी इस्ट्रोजेन हे माजाचं हॉर्मोन चढलेलं असतं, आणि इस्ट्रोजेनमुळे गर्भपिशवी प्रोजेस्टेरॉनला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त प्रतिसाद देते. म्हणजे औषध पिशवीला सर्वात जास्त बाधेल, नेमक्या त्याच दिवसांत ते टोचलं जातं.

मागण्याची दुसरी वेळ म्हणजे बोका येऊन गेल्यावर. मांजर बहुतेक वेळा संगमानंतरच अंडं सोडते. तिचं ओरडणं थांबलं ते माज ओसरल्यामुळे की ती गाभण राहिल्यामुळे, हे सुरुवातीला बाहेरून कळत नाही. गाभण मांजरीला इंजेक्शन गेलं तर पोट वाढत राहतं, दिवस भरतात (मांजरीचे साधारण ६३ ते ६५), पण वेणा सुरू व्हायला प्रोजेस्टेरॉन खाली यावं लागतं आणि औषध ते येऊ देत नाही. गर्भपिशवीचं तोंड उघडत नाही. पिल्लं आतच मरतात, कधी सुकून जातात, कधी कुजतात. मग शेवटी पोट उघडावंच लागतं, तेही मांजर अर्धमेली झाल्यावर.

आणि एकदा टोचलेलं मागे घेता येत नाही. गोळी त्रासदायक ठरली तर बंद करता येते. हे इंजेक्शन मात्र मुद्दाम सावकाश झिरपेल असंच बनवलेलं असतं.

निशिगंध

वाचून हादरलेच. एक शंका आहे. हेच औषध जगभर लाखो बायका घेतात ना? मग कुत्र्या-मांजरांच्याच बाबतीत इतकं का बिघडतं?

तृणपाती

मी पशुवैद्यक आहे, लहान जनावरांची प्रॅक्टिस करते. निशिगंध, प्रश्न अगदी योग्य आहे. उत्तर शरीररचनेत आहे.

कुत्रीच्या स्तनग्रंथी प्रोजेस्टेरॉनच्या प्रभावाखाली स्वतःच ग्रोथ हॉर्मोन बनवतात आणि ते रक्तात उतरतं. त्यामुळे तिथल्या पेशी वाढतात, गाठी होण्याची शक्यता वाढते. शिवाय ग्रोथ हॉर्मोनमुळे इन्सुलिनचा असर नीट होत नाही, म्हणून काही कुत्र्यांना मधुमेह होतो. काहींचा चेहरा-जबडा जाड होतो, जीभ आणि घशातल्या मऊ भागाची वाढ होऊन श्वास घोरल्यासारखा येतो. बाईच्या शरीरात हे असं घडत नाही.

याचा एक इतिहासही आहे. साठच्या दशकात अमेरिकेत मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन कुत्र्यांसाठी बाजारात आलं होतं. गर्भपिशवीच्या तक्रारींमुळे ते १९६६ साली मागे घेतलं गेलं. पुढे बीगल जातीच्या कुत्र्यांवरच्या चाचण्यांत स्तनांच्या गाठी दिसल्या. बायकांसाठी गर्भनिरोधक म्हणून या इंजेक्शनाला अमेरिकेत थेट १९९२ मध्ये परवानगी मिळाली, त्या उशिरामागे बीगलमधल्या गाठी हे एक मोठं कारण होतं. नंतर कुत्रीचं शरीर याबाबत माणसापेक्षा वेगळं वागतं हे मान्य झालं आणि बायकांचा मार्ग मोकळा झाला. कुत्रीसाठीचा धोका होता तिथेच राहिला.

मांजरांत या औषधाचा काहीसा स्टेरॉइडसारखा परिणामही होतो. अॅड्रिनल ग्रंथी दबते, भूक वाढते, वजन वाढतं, रक्तातली साखर चढते. टोचलेल्या जागी केस जाणं आणि कातडी पातळ होणं दोन्ही प्राण्यांत दिसतं.

ओवी_र

तृणपाती, बीगलचा संदर्भ दिलात ते फार बरं झालं. मला तो इतका नीट मांडता आला नसता.

जाईजुई

आमच्या शेजारच्या काकूंकडे एक तरुण मांजर होती, जेमतेम वर्षाची. तिला कुणीतरी हे इंजेक्शन दिलं होतं. काही आठवड्यांनी काकूंनी हाक मारली, म्हणाल्या “हिला दूध उतरलंय बहुतेक, पण पिल्लं तर नाहीत.” जाऊन पाहिलं तर पोटाखालचे सगळे सड एकाच वेळी फुगलेले. दोन्ही ओळी, पुढच्या पायांपासून मागच्या पायांपर्यंत. कातडी ताणून चकचकीत झालेली, लालसर-जांभळी, हात लावला तर गरम. मागच्या जोडीला जमिनीवर घासून जखम झाली होती. तिला बसता येत नव्हतं. पुढचे पाय टेकवायची, मागचा भाग खाली घ्यायला जायची आणि पुन्हा उभी राहायची. काकूंना वाटलं कॅन्सरच.

डॉक्टरांनी सांगितलं की कॅन्सर नाही, इंजेक्शनामुळे स्तनग्रंथींची झालेली वाढ आहे. उपचार बरेच आठवडे चालले. मांजर वाचली. पण एका टोचणीने एवढं होऊ शकतं हे तोवर आमच्यापैकी कुणाला माहीत नव्हतं.

तृणपाती

जाईजुई, तुम्ही अगदी हुबेहूब वर्णन केलंय. याला स्तनग्रंथींची फायब्रोएपिथेलियल वाढ म्हणतात. तरुण मांजरींत आपल्या आपण, माजानंतर किंवा गाभणपणातही होते, पण या इंजेक्शनानंतर हमखास मनात आणावी अशी आहे. बोक्यांनाही होते. जागोजागी मुतून खुणा करू नयेत किंवा त्वचेचा आजार बरा व्हावा म्हणून कधी कधी बोक्यांना ही औषधं दिली जात, आणि मग बोक्याचेच सड फुगलेले बघायला मिळत.

उपचारासाठी ॲग्लेप्रिस्टोन हे प्रोजेस्टेरॉनची वाट अडवणारं औषध वापरतात. इंजेक्शनाचा साठा अंगात असेपर्यंत ते पुन्हा पुन्हा द्यावं लागतं. अशा वेळी नुसती नसबंदी करून भागत नाही, कारण प्रोजेस्टेरॉन अंडाशयातून येतच नसतं, ते टोचलेल्या साठ्यातून येत असतं. माणसं विचारतात, “ऑपरेशन केलं तरी सूज का उतरत नाही?” त्याचं कारण हे.

खऱ्या कॅन्सरबद्दलही लिहायला हवं. कुत्रीच्या स्तनातल्या गाठींपैकी साधारण निम्म्या घातक निघतात. मांजरीत हे प्रमाण ८० ते ९० टक्के आहे. मांजरीला नियमित प्रोजेस्टिन दिलं गेलं असेल तर स्तनांच्या गाठींचा धोका सुमारे तिपटीने वाढलेला आढळला आहे. याउलट सहा महिन्यांच्या आत नसबंदी झालेल्या मांजरीत स्तनांच्या कॅन्सरचा धोका ९१ टक्क्यांनी कमी दिसला, वर्षाच्या आत झालेल्यांत ८६ टक्क्यांनी. वर्ष उलटल्यावर हा फायदा झपाट्याने ओसरतो. म्हणून ‘यंदा इंजेक्शन देऊ, ऑपरेशन पुढच्या वर्षी बघू’ या बेतात इंजेक्शनाचा धोका तर पदरी पडतोच, वर लवकर केलेल्या नसबंदीचा लाभही हातचा जातो.

पायवाट

मी थोडं वेगळं लिहिणार आहे, कृपया समजून घ्या. मी एका मोठ्या मोकळ्या आवारातल्या मांजरांना रोज खायला घालतो. त्यातल्या अर्ध्या माझ्या हाताला लागत नाहीत. पिंजऱ्यात पकडायचं, ऑपरेशनची वेळ मिळवायची, नंतर सांभाळायचं, हे एकट्या माणसाला झेपत नाही. दर वेताला चार-पाच पिल्लं, त्यातली बहुतेक मी माझ्या हाताने पुरली आहेत. गाडीखाली, सर्दीतापाने, उपाशी. खाण्यात मिसळलेल्या गोळीने किंवा एका इंजेक्शनाने निदान तेवढं थांबत असेल, तर त्या मांजरींसाठी हा धोका पत्करण्यासारखा नाही का? आजारी पडण्याची शक्यता आणि वर्षाला दोन-तीन वेतं, यांत कमी वाईट काय? मला खरंच उत्तर हवं आहे.

ओवी_र

पायवाट, तुमचा प्रश्न टाळण्यासारखा नाही आणि तुम्ही एकट्याने जे करताय त्याबद्दल मला आदर आहे.

मला दिसतं ते असं. घरातली मांजर पायोमेट्राने आजारी पडली तर कुणाच्या तरी लक्षात येतं. ती जेवत नाही, पाणी जास्त पिते, कोपऱ्यात बसते, तिला दवाखान्यात नेलं जातं. तुमच्या आवारातली मांजर आजारी पडली की फक्त खायला यायची बंद होते. तुम्हाला वाटतं ती दुसरीकडे गेली असेल. म्हणजे जिथे देखरेख सगळ्यात कमी, तिथेच हे औषध सगळ्यात जास्त वापरलं जातं. पिल्लं दिसतात म्हणून आपल्याला त्यांचं दुःख होतं. आत सडलेली गर्भपिशवी दिसत नाही.

दुसरं म्हणजे हे इंजेक्शन परत परत द्यावं लागतं. जी मांजर दर काही महिन्यांनी टोचण्यासाठी हाती लागू शकते, ती नसबंदीसाठी एकदा तरी लागू शकतेच.

जमेल तसं करायचं तर आधी माद्या धरा, बोके नंतर. सगळ्यांवर एकदम हात घालू नका. कुणाची नसबंदी झाली ते ओळखू यावं म्हणून कानाचं टोक कापून घ्या (भुलीतच करतात, दुखत नाही). पिंजऱ्यात खाणं ठेवून काही दिवस दार बांधून उघडंच ठेवा, सवय झाली की मग लावा. आदल्या दिवशी खाणं कमी ठेवलं तर भुकेने आत येतात. आणि एक माणूस जोडीला घ्या, कुणीही, फक्त गाडी चालवणारा असला तरी चालेल.

तृणपाती

पायवाट, वैद्यकीय बाजू सांगते. खूप कमी मात्रेत, आठवड्याला एकदा मेजेस्ट्रॉलची गोळी देऊन मांजरांच्या वसाहतींत माज लांबवण्याचे प्रयोग झाले आहेत. पूर्वीच्या मोठ्या मात्रेपेक्षा त्यात त्रास कमी दिसतो. पण अट अशी की ठरलेल्या मांजरीला ठरलेली मात्रा मिळायला हवी. उघड्यावर ठेवलेल्या खाण्यात कुणी दोन वाटे खातं, कुणाला मिळतच नाही. गाभण, मधुमेही, स्तनात गाठ असलेल्या मांजरीला ते देऊच नये, आणि पकडल्याशिवाय हे कळणार कसं? तेव्हा शस्त्रक्रियेपर्यंतचे काही आठवडे निभावून न्यायला, पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली, एवढ्यापुरतंच मी ते मान्य करीन. कायमचा मार्ग म्हणून नाही. मोठ्या मात्रेचं, सावकाश झिरपणारं इंजेक्शन आणि ही गोळी यांना एका मापात धरू नका, एवढंही सांगते.

पायवाट

दोघींचे आभार. पिंजऱ्याचं दार आधी उघडं ठेवायचं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. उद्यापासून सुरू करतो.

शमी_

कुत्री चुकून लागली तर देतात ते ‘वॉश’चं इंजेक्शन आणि हे एकच का? ओळखीतल्या एकांना तसं सुचवलंय, त्यांची लॅब्राडोर परवा फिरायला नेलेली असताना लागली.

तृणपाती

नाही शमी, ती वेगळी. जुन्या पद्धतीत अशा वेळी इस्ट्रोजेनचं इंजेक्शन देत. कुत्र्यांच्या हाडांतला मगज इस्ट्रोजेनने दबतो. आधी पांढऱ्या पेशी वाढतात, मग पांढऱ्या-तांबड्या पेशी आणि प्लेटलेट सगळ्याच घसरतात. रक्तक्षय, रक्तस्राव, जंतुसंसर्ग होतो आणि त्यात कुत्री दगावूही शकते. पायोमेट्राचा धोका वेगळाच. इस्ट्रोजेन घेऊ नका असंच त्यांना सांगा.

आज ॲग्लेप्रिस्टोन हा बराच सुरक्षित पर्याय आहे. २४ तासांच्या अंतराने दोन इंजेक्शनं, आणि ती संगमानंतर ४५ दिवसांपर्यंत देता येतात. म्हणजे आजच धावायची गरज नाही. ती खरोखर गाभण आहे का हे साधारण चौथ्या आठवड्यात सोनोग्राफीत दिसतं, तोवर थांबता येतं. पुढे पिल्लं नकोच असतील तर थेट नसबंदी करणं सगळ्यात सरळ.

किमया

पुढेमागे एकाच इंजेक्शनात मांजर कायमची वांझ होईल अशी बातमी वाचल्याचं आठवतंय. ते खरं की नुसतीच हवा?

ओवी_र

खरं आहे, पण अजून प्रयोगाच्या पातळीवर. २०२३ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. अँटी-म्युलेरियन हॉर्मोन (अंडाशयात बनणारं एक हॉर्मोन) बनवणारं जनुक एका निरुपद्रवी विषाणूत घालून सहा मांजरींना एकदाच टोचलं. बोक्यांबरोबर ठेवूनही त्यांतली एकही गाभण राहिली नाही आणि दोन वर्षांहून अधिक काळ त्यांच्यावर लक्ष ठेवलं गेलं. त्यात प्रोजेस्टेरॉनचा संबंध नाही, म्हणून मला त्यातून आशा वाटते. पण सहा मांजरींवरून सगळ्यांचं ठरवता येत नाही, आणि दवाखान्यात ते मिळत नाही. कुणी ‘तेच नवीन इंजेक्शन आहे’ म्हणून काही टोचू लागलं तर औषधाचं नाव वाचल्याशिवाय टोचू देऊ नका.

दिगंत

नरांची जननक्षमता तात्पुरती थांबवायला डेस्लोरेलिन या औषधाचं इम्प्लांट असतं, ते कुणी लिहिलं नाही म्हणून भर घालतो. तांदळाच्या दाण्याहून जरा मोठं, कातडीखाली बसवतात. कुत्र्यासाठी ४.७ मिलिग्रॅमचं सहा महिने आणि ९.४ मिलिग्रॅमचं वर्षभर चालतं. सुरुवातीचे काही आठवडे टेस्टोस्टेरॉन उलट वाढतं, त्या काळात कुत्रा मोकळा सोडायचा नाही. वयात आलेल्या मादीत याच सुरुवातीच्या उसळीमुळे माज येऊ शकतो, म्हणून तिथे जपून. पण प्रोजेस्टिनच्या जातीचं हे नाही.

निशिगंध

मग नसबंदीला काहीच दुष्परिणाम नाहीत असं समजायचं का? दोन्ही बाजू कळल्या तर ठरवायला बरं पडेल.

तृणपाती

आहेत, आणि ते लपवू नयेत. भुलीचा धोका असतो, निरोगी तरुण जनावरात फार कमी. नंतर चयापचय मंदावतं, खाणं तेवढंच ठेवलं तर वजन वाढतं. काही कुत्र्यांना, विशेषतः मोठ्या जातींच्या माद्यांना, झोपेत लघवी गळण्याचा त्रास पुढे होऊ शकतो, त्यावर औषध आहे. मोठ्या जातींत सांध्यांच्या दृष्टीने वाढ पुरी होईपर्यंत थांबावं का, यावर जातीनुसार सल्ला बदलतो, तेव्हा तो आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवावा. मांजरीच्या बाबतीत मी थांबायला सांगत नाही. चौथ्या महिन्यातही माज येऊ शकतो. अमेरिकन पशुवैद्यक संघटनेनेही २०१७ मध्ये पाच महिन्यांच्या आत मांजरांची नसबंदी करण्याला पाठिंबा दिला.

शर्वरी_म

आम्ही एक कुत्री दत्तक घेतली. आधीच्या पालकांनी दिलेल्या कार्डावर ‘माज बंद’ असं लिहिलेलं आहे, खाली तारखा आणि इंजेक्शनचे स्टिकर. आम्हाला वाटलं नसबंदी झाली आहे. आता काय बघायचं?

तृणपाती

कार्ड जपून ठेवा आणि पहिल्याच भेटीत डॉक्टरांना स्टिकर दाखवा. औषधाचं नाव आणि शेवटची तारीख यावरून अजून किती असर आहे याचा अंदाज येतो.

घरी पाण्याचं भांडं मोजून भरा, रोज त्याच खुणेपर्यंत. पाणी अचानक जास्त लागू लागलं, लघवी वाढली, भूक गेली, उलटी झाली, मरगळ आली, पोट ताठ वाटलं तर त्याच दिवशी दवाखाना. स्राव दिसण्याची वाट बघू नका. गर्भपिशवीचं तोंड मिटलेलं असेल तर पू बाहेर येतच नाही आणि तो प्रकार जास्त घातक असतो. तोंड उघडं असलं तरी पुष्कळ कुत्र्या चाटून साफ करतात, शेपटीखालचे केस चिकट झालेत का तेवढं बघा. पाणी आणि लघवी वाढण्याचं कारण मधुमेहही असू शकतं, म्हणून रक्ताच्या तपासणीत साखर बघायला सांगा.

महिन्यातून एकदा तिला उताणी झोपवून सडांच्या दोन्ही ओळी बोटांनी चाचपा. कुत्रीला साधारण पाच जोड्या असतात. मुगाएवढी गाठ लागली तरी दाखवा, मोठी होते का याची वाट बघत बसू नका. एक सोनोग्राफी आताच करून घ्या. पिशवीचं अस्तर जाड दिसलं तर नसबंदी लांबणीवर टाकू नका. पू झाल्यावर केलेलं ऑपरेशन आणि धडधाकट कुत्रीचं ऑपरेशन यांत फार फरक आहे. निरोगी कुत्रीची पिशवी पेन्सिलीइतकी बारीक असते. पायोमेट्रात तीच मनगटाएवढी जाड आणि इतकी तकलादू होते की हातात फुटू नये म्हणून श्वास रोखून काम करावं लागतं.

शर्वरी_म

शनिवारची वेळ घेतली आहे. कार्ड घेऊन जाते.

पायवाट

अजून एक विचारायचं राहिलं. आवारात एक मांजर आत्ताच व्यायली आहे. तिला कधी धरू? पिल्लं अंगावर पितात तोवर ती परत गाभण राहत नाही ना?

ओवी_र

राहते. दूध पाजत असतानाही मांजर माजावर येते, म्हणून फार लांबवू नका. पिल्लं आपली आपण नीट खायला लागली, साधारण आठ आठवड्यांची झाली, की तिला धरा. तिला पिल्लांपासून वेगळी ठेवून दूध आटू देणं शक्य असेल तर दोन आठवडे थांबलेलं चांगलं. ती पुन्हा हाती लागेल याची खात्री नसेल तर दूध असतानाही करतात. काही डॉक्टर अशा वेळी पोटाऐवजी कुशीतून छेद घेतात, म्हणजे दुधाने भरलेल्या सडांना धक्का लागत नाही. अंडाशय काढल्याने दूध तुटत नाही, त्यामुळे पिल्लं लहान असली तर ती परतल्यावर पाजू शकते. तिला सोडायला जाल तेव्हा पिल्लांजवळच सोडा, आणि पिल्लं चार-पाच महिन्यांची व्हायच्या आत त्यांचीही वेळ घेऊन ठेवा.